धाकट्या भावाची गोष्ट



मुळशी तालुक्याच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. दुपारच्या जेवणात आंबेमोहोराचा भात आहे, तो इथल्याच खाचरांतला. काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

स्वागताध्यक्षाने तालुक्याचा इतिहास सांगायचा असतो. तो मी सांगणार आहे, पण आजच्या परिसंवादाच्या अंगाने. साहित्यातल्या पात्रांचा दुष्टपणा आतून येतो की बाहेरून, हा विषय समितीपुढे आला तेव्हा एका सदस्याने विचारले, 'गुरुजी, हा विद्यापीठातला विषय, मुळशीत कशाला?' मी म्हणालो, या प्रश्नाने आपली घरे पोखरली आहेत, मग तो इथे नाही तर कुठे मांडायचा?

2018 साली प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला. बापाची जमीन जाते, घराची पत जाते आणि मुलगा गुन्हेगारीत ओढला जातो, ही त्याची कथा. हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी ती डोळ्यांत पाणी आणून पाहिली, कारण सात-बाऱ्यावरून नाव कमी होणे म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नव्हते. दुष्टपणा बाहेरून येतो, असे हा चित्रपट कळकळीने सांगतो, आणि ते सांगण्याची गरज होती. पण त्यानंतर आमच्या पोराने 'मी मुळशीचा' म्हटले की समोरचा जरा सावध होतो. काही पोरांनी त्यातला कोयता तेवढा उचलला आणि बाप विसरले. याचे मला फार दुःख आहे.

मी तीस वर्षे या तालुक्यात मराठी शिकवले. एकाच घरातले दोन भाऊ माझ्या हाताखाली शिकले. वडिलांनी एकाच दिवशी, एकाच सहीने जमीन विकली. पैसा आला, गाडी आली, पैसा संपला. थोरला तुरुंगात जाऊन आला. धाकटा चार म्हशींचे दूध पहाटे कोथरूडला पोचवतो, आजही. दोघांवर आलेली वेळ एकच होती. आई एक, शाळा एक, मारणारा मास्तरही एकच. तरी वाटा वेगळ्या झाल्या. नेमक्या कुठल्या दिवशी, कुठल्या शब्दावरून? समाजशास्त्राला तो दिवस सापडत नाही, कारण त्याला एकटा माणूस मोजायचा नसतो. तो दिवस शोधण्याचे काम कथा-कादंबरीचे आहे.

तेंडुलकरांनी तो शोधला होता. 'घाशीराम कोतवाल' 1972 साली पुण्यातच रंगमंचावर आले. कनोजहून पोट भरायला आलेला हा ब्राह्मण. पुणे त्याच्यावर चोरीचा आळ घेते, त्याला मारते, हाकलून देते. इथवर सगळे बाहेरून आलेले आहे. हा माणूस सूड घेणार, हेही आपल्याला कळते. पण नंतर तो काय करतो? कोतवाली मिळावी म्हणून पोटची पोर, गौरी, नाना फडणवीसांच्या हाती देतो. हे त्याला पुण्याने करायला लावलेले नाही. अपमान शहराने केला, सौदा मात्र त्याचा स्वतःचा. आणि नाना? नानांना कोणी अपमानित केले नव्हते, कशाची वाण नव्हती. घाशीरामच्या दुष्टपणाला निदान कारण तरी आहे. नानांच्या दुष्टपणाला फक्त सवड आहे, सत्ता आहे, आणि शेवटी जमावाच्या हाती घाशीरामला देऊन मोकळे होण्याची सोय आहे. माझ्या मते त्या नाटकातला अधिक भयंकर माणूस नाना आहे.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तल्या सुधाकरातही हीच जागा आहे. कोर्टातला अपमान बाहेरचा, प्याला पुढे करणारा तळीरामही बाहेरचा. हात मात्र सुधाकरच पुढे करतो.

म्हणून कोणी म्हणेल, मग दुष्टपणा आतलाच. इथे मी हात जोडून सांगतो, जपून. 'आतून' या शब्दाने या देशात फार मोठे पाप झाले आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातले पोरही त्यात आले. तो कायदा 1952 साली गेला, शिक्का गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' 1987 साली आले तेव्हा आम्हा पांढरपेशा वाचकांना कळले की ज्याला आपण स्वभाव म्हणत होतो, ती भूक होती आणि पोलिसांचा मार होता. एखाद्या माणसाने एखाद्या क्षणी काय निवडले, हे विचारणे वेगळे आणि त्याचे रक्तच तसले म्हणणे वेगळे. मुळशीच्या पोरांवर असला दुसरा शिक्का कोणी मारू नये.

आणि आमच्या जमिनी काही हिंजवडीच्या आयटी पार्कपासूनच गेल्या असे नाही. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि त्यांच्याबरोबर बायाबापड्याही त्यात उतरल्या. पन्नासच्या आसपास गावांचा प्रश्न होता. पुण्यातले जमीनदार-सावकार मोबदल्याला राजी झाले आणि कसणारी कुळे उघड्यावर पडली. घाला आजच्यापेक्षा मोठा होता. तरी त्या मावळ्यांनी शेजाऱ्यावर कोयता उगारला नाही, ते बांधकामाच्या जागी जाऊन बसले आणि तुरुंगात गेले. सेनापतींनी मात्र अखेरीस रेल्वेवर हल्ल्याचा मार्ग धरला आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. ते बरोबर की चूक, यावर आमच्या घरी आजोबा आणि वडील आयुष्यभर भांडले. तीच माती, तोच अन्याय, आणि एकाच माणसाच्या आयुष्यात त्याची दोन उत्तरे. पुण्यात बसून कागदावर सही करणारा सावकार दुष्ट होता का? त्याने कोणाला चापटही मारली नसेल. तो तर रोज पूजा करत असेल. त्या सावकाराला मनातून ओळखणारी कादंबरी मी अजून वाचलेली नाही.

आलेल्या तरुण लेखकांना माझी एक विनंती आहे. थोरल्या भावावर चित्रपट झाले, बातम्या झाल्या, रील्स होत आहेत. पहाटे चारला उठून म्हशी पिळणारा धाकटा मला मराठी पुस्तकात भेटलेला नाही. तो भला आहे म्हणून त्याला सोपा समजू नका. त्यालाही कोयता दिसला होता, त्यालाही बोलावणे आले होते. एका रात्री तो दाराशी जाऊन परत फिरला, एवढेच त्याने मला सांगितले आहे; का फिरला ते त्यालाही सांगता येत नाही. ते कोणीतरी लिहा. पौडला माझे घर आहे. हस्तलिखित घेऊन या, मी अक्षर न् अक्षर वाचीन.