बागेतला बोळ



अमृतसरला गेलेला आपला प्रवासी सुवर्णमंदिर पाहतो, लंगरात जेवतो आणि 'जवळच आहे तर पाहून घेऊ' म्हणून जालियनवाला बागेत डोकावतो. काही वर्षांपूर्वी मीही असाच डोकावलो होतो. माझ्यापुढे एक कुटुंब होते. वडील मुलाला भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा मोजायला लावीत होते आणि मुलगा मोठ्या हौसेने मोजीत होता. प्रथम मला रागच आला. मग मनात आले, या पोराने त्या मोजल्या तरी; मी तर नुसती नजर टाकून पुढे सरकलो होतो!

तेव्हा अशा ठिकाणी सहलीला जाऊच नये, असले सोवळे मत मी मांडणार नाही. पोलंडातली आउश्वित्झची छळछावणी १९४७ साली संग्रहालय म्हणून खुली झाली, ती तिथून वाचलेल्या कैद्यांच्याच खटपटीने. लोकांनी यावे, पाहावे, हीच त्यांची इच्छा होती. या बागेची जमीनही १९२० साली लोकवर्गणीतून घेतली, ती काही कुलूप लावून ठेवण्यासाठी नव्हे. येणाऱ्याशी माझे भांडण नाही. त्याला आपण दाखवतो काय, एवढेच मला विचारायचे आहे.

१३ एप्रिल १९१९, बैसाखीचा दिवस. जनरल डायर ज्या बोळातून आत शिरला तो इतका अरुंद, की त्याच्या चिलखती गाड्या बाहेरच राहिल्या. सुमारे दहा मिनिटांत १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने मृतांचा आकडा ३७९ दिला. काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या घरात नेला. बाहेर पडण्याची मोठी वाट सैनिकांनी अडवलेली. बाकीच्या वाटा चिंचोळ्या, काही बंद. हे सारे तो बोळ सांगत असे. उघड्या विटांच्या त्या दोन भिंतींमधून चालताना, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही, इथे कोंडले म्हणजे काय झाले असेल, ते अंगाला कळे. पाटी वाचावी लागत नसे.

२०२१ साली बागेचे नूतनीकरण झाले. बोळाच्या भिंतींवर आता शिल्पे आहेत. हसतमुख बायाबापड्या, पुरुष, मुले. त्या दिवशी इथून आत गेलेली माणसे ती हीच, अशी कल्पना. कल्पना वाईट आहे असे मी म्हणत नाही. मुलाला खांद्यावर घेतलेला बाप त्या बोळातून खरोखरच गेला असेल. पण सजवलेल्या भिंतीपुढे माणूस काय करतो? छायाचित्र काढून घेतो. त्याला दोष कसा द्यावा? भिंतच त्याला तसे सुचवते. इतिहासाच्या अनेक अभ्यासकांनी आणि हुतात्म्यांच्या काही वंशजांनी तेव्हा जाहीर नापसंती दाखवली, ती याचसाठी.

आता सुट्टी लागेल. आपल्यापैकी पुष्कळजण उत्तरेकडे निघतील. अमृतसरला गेलात तर त्या बोळात जरा थांबा. मूर्तींकडे मागाहून पाहा. आधी दोन्ही हात पसरून दोन भिंतींमध्ये किती अंतर आहे, तेवढे बघून घ्या.