अडवलेला प्रश्न



शिरोली एमआयडीसीतील एखाद्या फाउंड्रीत, भट्टीच्या धगीतून जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेला, काळ्या वाळूने माखलेल्या बोटांनी मोबाईलवर आपल्या शरीराविषयीचा प्रश्न लिहिणारा १८ वर्षांचा शिकाऊ मुलगा डोळ्यांपुढे आणा.

प्रश्न आरोग्याचा आहे. पडद्यावर मात्र मज्जाव उमटतो.

कारण इंटरनेटवर लावलेला फिल्टर पुष्कळदा शब्द पाहतो, हेतू पाहत नाही.
'स्तन' हा शब्द अश्लील मजकुरात येतो, तसाच कर्करोगाच्या माहितीतही येतो.

हा पेच जुना आहे.
१९२७ साली र. धों. कर्वे यांनी सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातील लैंगिक आरोग्याच्या शास्त्रीय चर्चेवरही अश्लीलतेचे खटले दाखल झाले, आणि त्यांपैकी एकात स्वतः डॉ. आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले.

हिणकस मजकुरापासून मुलांना जपावे, हे मला मनापासून मान्य आहे.
परंतु आरोग्याचा प्रश्न म्हणजे अश्लीलता नव्हे.
पुन्हा सांगतो, आरोग्याचा प्रश्न म्हणजे अश्लीलता नव्हे.

पालकहो, फिल्टर अवश्य लावा. पण त्यात काय अडले, तेही मुलांना प्रेमाने विचारा.
१० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी अनेक सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असते. तेथील समुपदेशकाला हाच प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो.