मले म्हणणारं पोर

(नशिराबादच्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण, बोललं तसं उतरवलेलं.)

मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मंडळींनो, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय, 'स्वतःला स्वीकारा, दुसऱ्यालाही'. त्यावर मला एकच सांगायचंय. माणूस स्वतःला नाकारायला लागतो तो जिभेपासून. पोर वर्गात 'मला'ऐवजी 'मले' म्हणतं, वर्ग हसतो. त्या दिवसापासून ते प्रत्येक शब्द आधी तोंडातल्या तोंडात तपासतं आणि मग बोलतं. पुष्कळदा बोलतच नाही.

याच बोलीत गाणी रचणाऱ्या कवयित्री बहिणाबाईंचं तुम्हाला मी काय सांगावं? त्यांचं माहेर असोदा इथून सायकलीवर गाठता येतं. अक्षरओळख नाही, आपल्या लेवा गणबोलीतली गाणी, मुलगा सोपानदेव, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना, सगळं तुम्हाला पाठ आहे. एवढंच ध्यानात घ्या, की त्या 1951च्या डिसेंबरात गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक आलं 1952मध्ये. आपली बोली पुस्तकात छापलेली त्यांनी पाहिली नाही. 2018मध्ये आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. आज पदवीच्या कागदावर नाव त्यांचं, आणि ती घेणारं पोर त्यांच्या बोलीत बोलायला लाजतं.

मीही लाजलो होतो. पुण्यात वसतिगृहात होतो. वडील रात्रीच्या गाडीनं आले, डब्यात भरीत, फडक्यात कळण्याच्या पुऱ्या. मित्र तुटून पडले. वडिलांनी विचारलं, "तुले पैसे पाहिजे का?" एकानं 'तुले' घोळवून म्हटलं, सगळे हसले. वडीलही हसले, त्यांना वाटलं भरीत आवडलं. मी म्हणालो, "बाबा, तुला म्हणा ना." ते गप्प झाले. संध्याकाळी स्टेशनवर गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाले, "...तुला काही लागलं तर कळव." त्या शब्दाआधी ते थांबले होते. पुढे मरेपर्यंत ते शेजाऱ्याला 'तुले' म्हणत, माझ्या बहिणीला 'तुले' म्हणत. मला मात्र 'तुला'. घरात मी पाहुणा झालो, आणि ते माझं मीच केलं होतं.

(सभागृहातून प्रश्न : मग पोरांनी पेपरात 'मले' लिहायचं का?)

नाही, गुरुजी. प्रमाण मराठी शिकलीच पाहिजे, आत्ता मी तीच बोलतोय. शिकवा, पण हसू नका. तुम्हाला बोल लावत नाही, शिकवणं आणि कमी लेखणं यातला फरक सांगतोय.

आता जरा कडू बोलतो. पुण्याचं हसणं आपल्याला झोंबतं. पण धुळ्याकडचा अहिराणी बोलतो तेव्हा आपण काय करतो? सातपुड्यातला पावरा, तडवी बाजारात भाव विचारतो तेव्हा दुकानदार त्याची नक्कल करतो, आणि आपण बाजूला उभे राहून हसतो. (शांतता) ज्याला स्वतःच्या 'मले'ची लाज वाटते, तो दुसऱ्याच्या बोलीला हसून ती लाज झाकतो. मी झाकली आहे, म्हणून सांगतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. 

मागणं एकच. आज घरी गेल्यावर नातू-नात 'मले' म्हणून काही सांगायला आली, तर शब्द दुरुस्त करू नका. आधी त्यांचं सांगणं पुरं होऊ द्या.