पानिपतानंतरचा घोडेस्वार





१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा गनिमी कावा संपला आणि कवायती पलटणींचे युग सुरू झाले, असे आपण अनेक वर्षे शिकत आणि शिकवत आलो. त्याला जोडून आणखी एक तारीख सांगितली जाते, २३ सप्टेंबर १८०३. त्या दिवशी असईला इंग्रजांशी झालेल्या लढाईत हे नवे युगही मावळले म्हणतात. एका लढाईत सेनापती पडतो, घराणी निर्वंश होतात, कधी राज्यही जाते. पण लढण्याची एक अख्खी रीत एका दिवसात संपते, हे मला पटत नाही. ही दोन्ही विधाने आता आपण मागे घ्यायला हवीत.

आधी पानिपत. गारदी, म्हणजे कवायती पायदळ, आणि तोफा पानिपतानंतर आल्या, असे नाही. १७५१ मध्ये फ्रेंच सेनानी बुसीच्या तोफखान्याने पेशव्यांच्या घोडदळाला जो तडाखा दिला, तेव्हापासून पुण्याला कवायती पायदळाची गरज कळली होती. ३ फेब्रुवारी १७६० च्या उदगीरच्या लढाईत इब्राहिमखान गारद्याने निजामाविरुद्ध आपली करामत दाखवलीही होती. म्हणजे भाऊसाहेब उत्तरेत निघाले तेव्हा नवी रीत त्यांच्याबरोबरच चालली होती. आणि पानिपतावर हरली ती बाजू कोणती? कवायती पायदळ आणि जड तोफा ज्या बाजूला अधिक सरस होत्या, तीच. अब्दालीचा भर घोडदळावर आणि उंटांवरच्या जंबुरक्यांवर होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत त्याने मराठ्यांची रसद तोडली, लढाई टाळली आणि छावणी उपाशी पाडली. अब्दालीची रसद तोडायला निघालेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि त्यानंतर मराठ्यांची कोंडी पुरी झाली. शत्रूला उपाशी पाडून मग गाठायचे, ही आपल्याच घरची युक्ती त्या थंडीत आपल्यावर उलटली. त्या दिवशी जुनी रीत संपली असे म्हणणाऱ्याने ती अब्दालीच्या बाजूने जिंकली, हे आधी मान्य करावे.

पुढे अठराच वर्षांनी काय झाले पाहा. रघुनाथरावाला पेशव्यांच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांचे सुमारे ४,००० सैनिक हजारो बैलांचे लटांबर घेऊन बोरघाट चढून आले. मराठ्यांच्या टोळ्यांनी त्यांना पावलापावलावर अडवले. ज्याला आपल्या लोकांनी इष्टूर फाकडा म्हटले तो कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ पडला. इंग्रज ९ जानेवारी १७७९ ला तळेगावात पोहोचले, तर गाव जळालेले, दाणागोटा नाही. चिंचवड आणि वेळ पडल्यास खुद्द पुणेही जाळायची तयारी होती. दोन दिवसांनी रात्रीच्या अंधारात इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघार धरली. वडगावला त्यांना गाठले ते महादजी शिंद्यांच्या घोडदळाने आणि पानशांच्या तोफांनीही. जुने आणि नवे तिथे हातात हात घालून लढत होते. हेच महादजी पाच वर्षांनी द बॉयन या युरोपीय सेनानीला नोकरीत घेऊन कवायती पलटणी उभ्या करतात. त्यांना यात काही विसंगती वाटली असेल, असे त्यांच्या वागण्यावरून तरी दिसत नाही.

मग रीत बदलते कशी? मला वाटते, याचे उत्तर रणांगणात कमी आणि तबेल्यात जास्त सापडते. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या पदरचा. त्या घोड्यावर त्याचा पगार, त्याची गावातली पत, कधी काढलेले कर्जही. घोडा पडला की शिलेदाराचा बारगीर व्हायचा, दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचा. असा माणूस तोफेच्या तोंडी घोडा घालायला का कू करत असेल तर त्याला भ्याड म्हणणे अन्याय आहे. त्याचे युद्धशास्त्र त्याच्या जमाखर्चातून आले होते. गारद्याचे सगळेच वेगळे. त्याला महिन्याचा रोख पगार लागतो, त्याच्या बंदुकीला दारूगोळा लागतो, तोफ ओतायला कारखाना लागतो. पगार थकला की तोच गारदी कुठवर जातो, हे ३० ऑगस्ट १७७३ ला पेशव्यांचा खून झाला तेव्हा शनिवारवाड्याने पाहिले. पलटणी ठेवायच्या तर दोआबासारखा बारमाही वसुलीचा मुलूख हाती हवा. शिंद्यांकडे तो होता, म्हणून त्यांच्याकडे पलटणी टिकल्या.

आता असई. जालना जिल्ह्यातल्या केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात शिंद्यांचे पायदळ आणि तोफखाना उभा होता. समोरून नदी ओलांडता येणार नाही, असे इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितले. त्याने पाहिले, की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत. म्हणजे मधे उतार असणारच, असा त्याने कयास बांधला. उतार निघाला, आणि तो राखायला कोणी नव्हते. मावळातल्या कोणत्याही जुन्या नाईकाला जे सांगावे लागले नसते, ते त्या दिवशी परक्याने ओळखले. वेलस्लीने बैलांची, बंजाऱ्यांच्या धान्याची आणि झपाट्याच्या कूचांची कला दक्षिणेतच घोटून घेतली होती. जुन्या रीतीचा निम्मा गाभा शत्रूच्या छावणीत जाऊन बसला होता.

आणि तरीही पलटणींनी काय केले? गोलंदाज तोफांपाशी निपचित पडून राहिले, इंग्रज फळी पुढे गेल्यावर उठले आणि त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. त्या दुपारी इंग्रजांची १,५०० हून अधिक माणसे मेली किंवा जायबंदी झाली. शिंदे-भोसल्यांचे घोडदळ मात्र बाजूला राहिले. मराठ्यांनी पायदळाचा नाद केला नसता तर ते अधिक भारी पडले असते, असे खुद्द वेलस्लीसह काही इंग्रज अधिकाऱ्यांनी म्हटले आणि आपल्याकडच्या अनेकांनी ते उचलून धरले. मी ते मानत नाही. त्याच महिन्यांत उत्तरेत पेराँसारखे कवायती फौजेचे गोरे सरदार कंपनीकडे गेले. ज्या फौजेचे अधिकारी ऐन वेळी सोडून जातात, तिच्या हारीचे खापर तिच्या कवायतीवर फोडणे गैर आहे.

नुसत्या घोडदळाने भागले असते का, याचा पडताळा यशवंतराव होळकरांनी पुढच्याच वर्षी दिला. १८०४ च्या पावसाळ्यात मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत त्यांनी इंग्रज सेनानी मॉन्सनला पळता भुई थोडी केली. जुनी रीत पूर्ण जोमात होती. पण १७ नोव्हेंबरला फर्रुखाबादेजवळ, रात्रभर दौड मारून आलेल्या इंग्रज सेनापती लेकच्या घोडदळाने पहाटे त्यांची छावणी गाठली. वेगाला वेग भेटला. शिवाय तोवर इंदूर गेले होते, चांदवड आणि गाळणा गेले होते, आणि दख्खन दुष्काळात होरपळत होती. वैरण नाही, पागा नाही, परतून जायला ठाणे नाही. घोडा हरला तो या कारणांनी.

१८१८ नंतर इंग्रजांनी जे केले, त्यावरून त्यांना हे नेमके कळले होते असे दिसते. त्यांनी सरंजाम आवळले, फौजा मोडल्या, नाशिककडच्या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. ज्या मुळांवर ही रीत उभी होती, ती खणून काढायला त्यांना वर्षे लागली. आणि एवढे करूनही १८५८ मध्ये ग्वाल्हेर हातचे गेल्यावर तात्या टोपे नऊ-दहा महिने मध्य हिंदुस्थानभर इंग्रजी फौजांना हुलकावण्या देत फिरले, ऑक्टोबरात नर्मदाही ओलांडली. एप्रिल १८५९ मध्ये पकडले गेले ते फितुरीने.

मित्रहो, राजवाड्यांनी १८९८ मध्ये आपला पहिला साधनखंड काढला तो पानिपताच्या काळातल्या पत्रांचा. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग दिले. या थोरांनी लढायांची पत्रे आपल्या हाती ठेवली. पण पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीचे जे रुमाल अजून बांधलेले आहेत, त्यांत पागांच्या गणत्या, वैरणीचे हिशेब, दारूखान्याचे खर्च, शिलेदारांच्या थकलेल्या रकमा आहेत. ज्या परिषदेपुढे मी बोलत आहे, तिने मोडी वाचणारी पाच-सहा तरुण मुले निवडावीत, त्यांना वर्षभराची शिष्यवृत्ती द्यावी आणि १७६१ ते १८०३ या काळातल्या पागेच्या हिशेबांना हात घालावा. त्या शिष्यवृत्तीसाठी माझ्याकडून जमेल ती रक्कम आज मी कार्यवाहांकडे देत आहे. पुढच्या अधिवेशनात पहिला निबंध त्या मुलांपैकी कोणीतरी वाचावा, अशी माझी इच्छा आहे.