फोन कुठून आला?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिव म्हणाले, "तुम्ही टेलिफोनमध्ये होते ना, त्यावर बोला, पण पाच मिनिटांत." प्रयत्न करतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे स्ट्राउजर एक्सचेंज होते. तुम्ही डायल फिरवला की आकड्यागणिक सिलेक्टर खटखट करत वर चढायचा आणि मग आडवा फिरायचा. रात्री दोनला आवाज आला की वाटायचे, कोणाच्या तरी घरी काहीतरी झाले.

एका बाईंना रोज रात्री घाणेरडे फोन यायचे. नवरा बाहेरगावी नोकरीला. त्यांनी लेखी तक्रार दिली. तेव्हा फोन करणाऱ्याचा नंबर कुठे दिसत नसे. एकच उपाय होता: त्यांच्या लाइनवरच्या शेवटच्या सिलेक्टरपासून वायर धरून उलटे मागे मागे जायचे. आणि समोरच्याने रिसीव्हर ठेवला की सगळे सिलेक्टर मोकळे, माग संपला. म्हणजे आम्ही टॉर्च घेऊन रॅकमधून धावणार, आणि तेवढा वेळ त्या बाईंनी ते ऐकत राहायचे. दोन रात्री कॉल अर्ध्यावर तुटला. तिसऱ्या रात्री पोचलो. नंबर निघाला त्यांच्याच गल्लीतल्या एका दुकानाचा, आणि किल्ल्या तिघांकडे! वायर आम्ही शोधली, माणूस पोलिसांनी.

पुढे 1984 मध्ये सी-डॉट स्थापन झाले, 1986 मध्ये कर्नाटकात कित्तूरला त्यांचे पहिले ग्रामीण एक्सचेंज लागले. हळूहळू सगळीकडे डिजिटल आले. आता फोन करणाऱ्याचा नंबर कॉलसोबतच येतो आणि तुमच्या स्क्रीनवर दिसतो. पण फरक लक्षात घ्या. आम्ही नंबर आमच्या टोकाकडून शोधत होतो. आता तो पलीकडचे टोक सांगते आणि आपण मानतो. पलीकडे लबाड यंत्रणा बसली असेल तर ती हवा तो नंबर पाठवते. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवायला सरकारला ऑक्टोबर 2024 मध्ये वेगळी यंत्रणा सुरू करावी लागली, ती यासाठीच.

गेल्या दिवाळीत आपल्या एका काकू फोन हातात धरूनच माझ्या दारात आल्या. त्यांची परवानगी घेऊन सांगतो. खाते बंद होणार, एफडी मोडून पैसे दुसरीकडे टाका, असे समोरचा सांगत होता. काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, नंबर तर बँकेचाच दिसते!" मी म्हटले, आधी ठेवा. मग पासबुकावरचा नंबर आपण स्वतः लावला. आपण लावलेला कॉल त्या नंबरच्या मालकाकडेच जातो, दाखवणाऱ्याकडे नाही. शाखेतून उत्तर आले, आम्ही फोन केलाच नाही.

पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच 1930 लावा. हा नंबर मी खाली नोटीस बोर्डावर लिहून ठेवला आहे. कोणीतरी त्यावर पाणी बंदची सूचना चिकटवली, ती कृपया बाजूला लावा.