शीतल वायूची वाटणी



अध्यक्षस्थानी बसणाऱ्या गृहस्थाने प्रारंभी आपल्या अपात्रतेची कबुली द्यावी आणि श्रोत्यांनी ती मनातल्या मनात मंजूर करावी, अशी आपल्याकडील संमेलनांची जुनी वहिवाट आहे. परंतु वेळ थोडा आणि विषय मोठा असल्यामुळे तो विधी यथासांग पार पडला असे समजून आपण मला एकदम मुद्द्याकडे वळू द्यावे. आपल्या वातानुकूलनाच्या व्यवसायाने हवा थंड करण्याची विद्या फार पुढे नेली. थंड केलेली हवा जिथे हवी तिथे, जेव्हा हवी तेव्हा आणि हवी तेवढीच पोचविण्याच्या विद्येकडे मात्र त्या मानाने अल्प लक्ष दिले, आणि ही दुसरी विद्याच आता पहिलीपेक्षा अधिक निकडीची झाली आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा प्रश्न आधुनिक वातानुकूलनाहून वयाने वडील आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १८८० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक शिकवीत असत. तेथे थंडीच्या दिवसांत शाळेचा शिपाई वर्गावर्गांतून हिंडून कोणता वर्ग तापला आहे आणि कोणता गारठला आहे हे पाहून घेई, आणि मग तळघरात उतरून त्या त्या वर्गाकडे जाणाऱ्या उष्ण हवेच्या झडपा कमीजास्त करी. शिकविण्यात येणाऱ्या या व्यत्ययाला कंटाळून प्राध्यापकमहाशयांनी असे एक विद्युत्साधन तयार केले की वर्गाचे तापमान वर्गानेच तळघराला कळवावे. १८८३ साली त्या तापनियामकाचे पेटंट त्यांना मिळाले, आणि १८९५ साली दाबलेल्या हवेच्या जोरावर प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखणाऱ्या संपूर्ण व्यवस्थेचे. विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी आपली सुप्रसिद्ध योजना आखली ती त्यानंतर सात वर्षांनी, १९०२ मध्ये. म्हणजे ज्याला आज आपण ‘झोनिंग’ म्हणतो आणि ग्राहकाला नवलाई म्हणून विकतो, त्याचे मूळ तत्त्व शाळेच्या एका शिपायाच्या येरझाऱ्यांतून निघाले आहे.

मग हे तत्त्व मागे का पडले? माझ्या मते त्याचे कारण आपल्या व्यवसायाच्या बाळपणात आहे. १९३३ साली मुंबईत कुलाब्यास रीगल चित्रपटगृह उघडले तेव्हा तेथील थंडावा हे पडद्यावरील चित्राइतकेच लोकांचे आकर्षण होते. पण चित्रपटगृह म्हणजे काय? एकच दालन, एकाच वेळी येऊन एकाच वेळी उठणारा प्रेक्षकवर्ग, आणि सूर्याला मज्जाव. अशा वास्तूला एक पंखा, एक डक्ट आणि एक थर्मोस्टॅट पुरेसा होतो, किंबहुना तोच तेथे योग्य. दोष घडला तो पुढे, जेव्हा हीच मांडणी आपण जशीच्या तशी कचेऱ्यांच्या मजल्यांवर नेली.

कचेरीचा मजला हा एक प्रदेश नव्हे. पूर्वेकडील काचेवर सकाळी नऊ वाजता जे ऊन असते ते दुपारी तीनला तेथे नसते, आणि पश्चिमेकडील माणसे ज्या उन्हाने पाच वाजता हैराण होतात त्याचा सकाळी मागमूस नसतो. काचेपासून सुमारे पंधरा फूट आत गेले की सूर्याचा अंमल संपतो आणि तेथे दिवे, संगणक व माणसे यांचीच उष्णता काय ती उरते, जी मे महिन्यात आणि डिसेंबरात जवळजवळ सारखीच असते. सभागृहाची तऱ्हा याहून निराळी. ते तासन् तास ओस असते आणि मग अकस्मात वीस माणसे आत शिरतात. बसलेला मनुष्य सुमारे १३० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे वीस जणांच्या नुसत्या उपस्थितीने पाऊण टनाचा भार वाढला, आणि त्यांच्या वादविवादाची उष्णता मी हिशेबात धरलेली नाही. या साऱ्या भागांचे कमाल भार एकाच क्षणी येत नाहीत. म्हणून प्रत्येक भागाच्या कमाल भारांची बेरीज करून जो यंत्रसंच आपण निवडतो तो वास्तविक गरजेपेक्षा मोठा ठरतो. आणि पूर्वेचा भार उतरला म्हणजे तिची हवा पश्चिमेला वळविता आली, तर तेच काम लहान संचाने भागते.

याउलट सर्व मजल्याला एकच थर्मोस्टॅट असला म्हणजे काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो थर्मोस्टॅट बहुधा साहेबांच्या दालनात असतो. त्या दालनाला पश्चिमेची खिडकी असली, तर साहेबांना बरे वाटावे म्हणून आतल्या बाजूच्या लेखनिकांनी वैशाखात शाली पांघराव्यात, असा अलिखित हुकूम सुटतो. घरगुती यंत्रांसाठी १ जानेवारी २०२० पासून २४ अंश हे मूळ तापमान ठरवून देण्यात आले, ही तजवीज चांगलीच आहे. पण केंद्रीय व्यवस्थेत एका भिंतीवरील २४ चा आकडा शेजारच्या भिंतीमागे २० आहे की २८, याबद्दल काहीच बोलत नाही. जुन्या काही इमारतींत यावर जो उपाय योजला गेला तो रोगाहून भयंकर होता: सर्व हवा १३ अंशांपर्यंत थंड करावयाची, आणि ज्यांना ती अति थंड होईल त्यांच्या वाट्याची हवा वाटेत पुन्हा तापवावयाची! १९७३ च्या तेलटंचाईने या उधळपट्टीला प्रथम वेसण घातली, आणि हवेचे तापमान बदलण्याऐवजी तिचे प्रमाण बदलणारी, आपण जिला व्हीएव्ही म्हणतो ती पद्धत तेव्हापासून सर्वत्र रूढ होत गेली.

आता ज्या मुद्द्यावर मला थोडे रेंगाळावयाचे आहे तो असा, की डक्टमध्ये डँपर बसविला म्हणजे बचत झाली, हा समज निराधार आहे. खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन उमगेल. तेथे बंधाऱ्यावरून निघालेल्या पाटाचे पाणी पाटकरी पाळीपाळीने एकेका चारीत सोडतो. पण खालच्या चाऱ्या बंद करीत असताना पाटाच्या तोंडाशी पाणी कमी केले नाही, तर ते काठ फोडते किंवा सांडव्यावरून वाहून जाते. डक्टची स्थिती हुबेहूब तीच आहे. चार झोनपैकी दोन मिटले आणि एएचयूचा पंखा मात्र पूर्ण वेगाने फिरत राहिला, तर आतला दाब चढतो, सांध्यांतून गळती वाढते, उरलेल्या दोन खोल्यांतील ग्रिल शीळ घालू लागतात, आणि मोटर जवळजवळ पूर्वीइतकीच वीज खात राहते. पंख्याचा नियम मोठा उदार आहे: वेग ८० टक्क्यांवर आणला तर लागणारी शक्ती ५१ टक्क्यांवर येते, आणि अर्ध्यावर आणला तर तात्त्विकदृष्ट्या आठव्या हिश्शावर, परंतु हा लाभ पंख्याला निरोप पोचला तरच मिळतो. आणि निरोप पोचूनही तो पुरता मिळत नाही, कारण पुष्कळ ठिकाणी डक्टमधील दाबाचा आकडा कमिशनिंगच्या दिवशी एकदा ठरवून दिलेला असतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावीत नाही. वास्तविक तो आकडा डँपरांनीच ठरवावा. सर्वांत गरजू झोनचा डँपर जवळजवळ पूर्ण उघडा राहील इतपतच दाब ठेवावा आणि सारेच अर्धवट मिटू लागले की तो आणखी उतरवावा, हा क्रम आता ‘ॲश्रे’च्या ३६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत तपशीलवार लिहिलेला आहे, आणि त्यासाठी लागणारी साधने आपल्या बाजारात दुर्मीळ नाहीत.

बंगल्यांतील लहान डक्टेबल यंत्रांच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. टनामागे सुमारे ४०० सीएफएम हवा कॉइलवरून जावी असा संकेत आहे. एकाच वेगाचा कॉम्प्रेसर असताना झोन मिटत गेले की ही हवा घटते, कॉइलवर बर्फ धरतो, आणि द्रवरूप रेफ्रिजरंट कॉम्प्रेसरकडे परत जाऊ लागतो. यावर काही कंत्राटदार बायपास डँपर लावून फाजील थंड हवा पुन्हा परतीच्या डक्टमध्ये सोडतात. मला ही रीत मुळीच मान्य नाही. तिने यंत्राचा जीव कदाचित वाचतो, पण थंड हवाच पुन्हा थंड करण्यात ग्राहकाचा पैसा जातो, आणि झोनिंगच्या नावाखाली त्याच्या गळ्यात निव्वळ खर्च बांधला जातो. तेथे वेग बदलणारा कॉम्प्रेसर व पंखाच हवा. तो परवडत नसेल तर खोलीखोलीला स्प्लिट यंत्र हे ओबडधोबड असले तरी प्रामाणिक झोनिंग आहे.

किनारपट्टीच्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. मुंबईत, रत्नागिरीत किंवा गोव्यात खरा शत्रू पुष्कळदा उष्मा नसून आर्द्रता असते, आणि भार उतरल्यावर हवेचे तापमान चढविणारी व्यवस्था श्रावणात खोल्यांत दमट कोंदटपणा भरून ठेवते. हवा थंड व कोरडीच ठेवून तिचे प्रमाण घटविणारी पद्धत येथे अधिक हितकर. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी लिहिलेला नियंत्रणक्रम पणजीत उतरवून घेण्याचा आळस कोणी करू नये. तसेच डँपर मिटला की थंडाव्याबरोबर ताजी हवाही घटते, हेही विसरता कामा नये. २०२० च्या महामारीने हा धडा फार कठोरपणे दिला. प्रत्येक झोनचे किमान प्रमाण ताज्या हवेच्या गरजेवरून ठरले पाहिजे. सरसकट ३० टक्के लिहून मोकळे होण्याची दप्तरी सवय अपुरीही ठरते आणि उधळीही.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतन कृती आराखड्यात २०३७-३८ पर्यंत शीतनासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. ते केवळ नव्या चिलरांच्या खरेदीने गाठले जाईल असे मला वाटत नाही. म्हणून परिषदेच्या कार्यकारी मंडळाच्या संमतीने मी निविदेच्या नमुन्यात दोन कलमे सुचविली आहेत. झोनच्या सीमा भिंतींच्या किंवा हुद्द्यांच्या नकाशावरून न आखता सूर्याच्या व वापराच्या वेळांवरून आखाव्यात, आणि तो नकाशा निविदेला जोडावा, हे एक. आणि कंत्राटदाराचे अखेरचे देयक चुकते करण्यापूर्वी हवेच्या संतुलनाची चाचणी एकदा मे महिन्यात व एकदा ऑगस्टात, काही झोन मुद्दाम मिटवून, पंख्याच्या वीजमापकावरील नोंदींसह घ्यावी, हे दुसरे. दोन ऋतू देयक अडकून पडेल ही कंत्राटदार मंडळींची तक्रार मला आगाऊ ऐकू येते आहे, आणि तीत तथ्य नाही असेही मी म्हणत नाही. रकमेचा किती हिस्सा राखून ठेवावा याचा आकडा म्हणूनच मसुद्यात कोरा सोडला आहे. मसुद्याच्या प्रती भोजनापूर्वी आपल्या हाती पडतील. आक्षेप असतील ते आज सायंकाळपर्यंत कार्यवाहांकडे लेखी द्यावेत, म्हणजे उद्याच्या बैठकीत त्यांचा निकाल लावता येईल.