दूरच्या डोळ्याची पारख



मराठीच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकाने उपग्रहांच्या कॅमेऱ्यांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हा विषय मुळात प्रामाण्याचा आहे, आणि त्याची चिंता पोथ्या वाचणाऱ्यासही करावी लागते. दोन हस्तलिखितांत पाठभेद आढळला, की तो ग्रंथकाराचा की लेखनिकाच्या हातचा, हे आधी ठरवावे लागते. उपग्रहाच्या चित्रात संत्र्याची बाग फिकी दिसली, तर हा फिकटपणा पानांचा की कॅमेऱ्याचा, हाच प्रश्न उभा राहतो.

१९७० च्या सुमारास डॉ. पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेऊन रोगट नारळ ओळखले. आपल्याकडील दूरसंवेदनाचा तो आरंभ. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला. त्याचे कॅमेरे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने घडविले. एकनाथ चिटणीस आणि प्रमोद काळे या मराठी शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या काळी या केंद्राचे संचालकपद भूषविले. त्यातील पहिल्या कॅमेऱ्याचा एक ठिपका ७२.५ मीटरांचा, म्हणजे सुमारे १.३ एकर जमीन व्यापणारा होता. १९९५ च्या आयआरएस-१सी ने तो २३.५ मीटरांवर आणला. परंतु ठिपका लहान झाला म्हणजे चित्र खरे झाले, असे नव्हे.

आयआरएस-१ए च्या कॅमेऱ्यांत २०४८ प्रकाशग्राहकांच्या रांगा होत्या. एकाच प्रकाशाला प्रत्येक ग्राहक किंचित निराळे उत्तर देतो. ते सुधारले नाही तर चित्रावर पट्टे उमटतात. म्हणून उड्डाणापूर्वी, आतून शुभ्र लेप दिलेल्या पोकळ गोलातील सम व ज्ञात प्रकाश दाखवून प्रत्येकाचे उत्तर नोंदवितात. हेच अंशांकन. अवकाशात ग्राहक हळूहळू मंदावतात. त्यांच्या तपासणीसाठी सोबत दिवे पाठवितात. पण दिवाही जुना होतोच! मग कच्छच्या रणातील मिठाच्या शुभ्र पृष्ठभागाची साक्ष काढावी लागते. उपग्रह माथ्यावरून जात असता तेथील परावर्तन जमिनीवरून मोजतात, मधल्या हवेचा परिणाम हिशेबात घेतात आणि कॅमेऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहतात. काही उपग्रह चंद्राकडेही वळवितात. त्याला वातावरणाचा अडथळा नाही. रेखीवपणाची परीक्षा निराळी. उजळ आणि गडद यांची सरळ सीमा चित्रात किती ठिपक्यांत पसरते, हे त्यात पाहतात.

एवढा खटाटोप कशासाठी? निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश परत पाठविते. या दोहोंच्या तुलनेवरून पिकाची प्रकृती कळते. अवरक्त ग्राहक मंदावले, तर निरोगी शेत आजारी भासेल. तांबडे मंदावले, तर आजारी शेत टवटवीत ठरेल. दुष्काळाच्या पाहणीत आणि पीकविम्याच्या अंदाजात अशा चित्रांचा आधार घेतला जातो. तेव्हा ही दुसरी चूक सौंसर-पांढुर्ण्याच्या एखाद्या कास्तकाराच्या संकटाची साक्षच पुसून टाकील.

तराजूत पासंग नाही ना, हे पाहिल्यावाचून आपण कापूस मोजू देत नाही. विद्यार्थिमित्रहो, आकाशातून आलेल्या चित्रालाही तोच न्याय लावा. ते कोणत्या दिवशी, कोणत्या कॅमेऱ्याने घेतले, आणि त्याची पारख केव्हा झाली, हे विचारा. मग बांधावर जाऊन एक पान हातात घेऊन पाहा. ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांच्या शाळेत प्रश्न विचारण्याची ही रीत टिकावी, एवढीच प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.